गुडघ्याची गोष्ट : आखाड्यापासून दुर्बिणीपर्यंत



आजचा विषय आम्ही ठरवला नाही. तो आमच्या गटात आपणहून चालत आला. चालत कसला, लंगडतच आला.

आमच्यातल्या एकीची मुलगी दहावीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते. मागच्या हंगामात चढाई करून परत वळताना तिचा पाय मातीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघ्यातून ‘कट्ट’ असा आवाज आला. कोणी धक्का मारला नव्हता, कोणी पाय धरला नव्हता. दिवेलागणीपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. आजी म्हणाली, “मुरगळला अशीन व माय, हळद लाव.” हळद झाली. मालिश झाली. मग एका दवाखान्यात सहा आठवड्यांचं प्लास्टर झालं. प्लास्टर निघालं तेव्हा सूज उतरली होती, दुखणंही गेलं होतं, पण मांडी पऱ्हाटीच्या काडीसारखी वाळली होती. पोरगी मैदानात गेली आणि दुसऱ्याच दिवशी वळताना गुडघा पुन्हा निसटला.

मग घरात ठरलं, खेळ बंद. शेजारीण म्हणाली, “लग्नाची पोट्टी हाय, लंगडी झाली त कोन करीन?” पोरगी दोन दिवस जेवली नाही.

गटाच्या बैठकीत आम्ही यावर बोललो. गुडघ्याला लागलं की खेळ सोडायचा, गुडघा दुखला की खाट धरायची, हे आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. पण हे ठरवलं कोणी? आणि अजून तसंच आहे का? आम्ही विचारपूस केली, वाचलं, आणि त्या पोरीला घेऊन नागपूरला खेळाडूंच्या डॉक्टरकडे गेलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी जुन्या दिवसांकडे जाऊ. आपल्या भागात गुडघा-खांद्याचं ज्ञान होतं ते आखाड्यात. यवतमाळच्या शेजारी अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली या मंडळाचा चमू बर्लिनला गेला. तिथे ऑलिंपिक भरलं होतं. आपले देशी व्यायाम आणि आपला हुतूतू या मंडळींनी जगासमोर करून दाखवला. म्हणजे ज्या खेळात आपल्या पोरीचा गुडघा गेला, तो खेळ आपल्याच शेजारच्या गावातून ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी परदेशी पोचला होता.

आखाड्यात वस्ताद असायचा आणि गावात हाडवैद्य. निखळलेला खांदा बसवणं, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या बांधणं, लेप लावणं ही त्यांची कामं. त्यांना हसायचं कारण नाही. इंग्लंडात लिव्हरपूलला एव्हान थॉमस नावाचा असाच एक हाडवैद्य होता. त्याने आपल्या मुलांना डॉक्टरीच्या शाळेत घातलं. त्यातल्या ह्यू ओवेन थॉमस याने गुडघ्यासाठी लोखंडी कांबीची आणि कातड्याची एक चौकट बनवली. तिला आजही थॉमस स्प्लिंट म्हणतात. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या कितीतरी सैनिकांचे जीव त्या चौकटीने वाचले. हाडवैद्याच्या घरातून आलेली ही वस्तू मोठ्या सरकारी दवाखान्यांत अजून वापरतात.

पण थॉमसची शिकवण एकच होती, विश्रांती. सांधा दुखावला की तो बांधून ठेवा, भरपूर दिवस ठेवा, अजिबात हलवू नका. तेव्हा सांध्याचा क्षयरोग खूप असायचा आणि त्याला औषध नव्हतं. त्या रोगासाठी ही शिकवण बरोबर होती. पुढे मात्र सगळ्याच गुडघ्यांना हाच नियम लागू झाला आणि पुष्कळ काळ टिकला. आपल्या पोरीच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर लागलं, ते याच जुन्या विचारातून.

हाडवैद्य काय किंवा तेव्हाचा डॉक्टर काय, दोघांची अडचण एकच होती. हाड हाताला लागतं, पण गुडघ्याच्या आत काय तुटलं ते दिसत नाही. एक्स-रे आला तरी त्यात हाडच दिसतं.

आत असतं तरी काय? नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समजावलं, ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. पाट्यावर वरवंटा उभा ठेवला तर काय होईल? घसरेल. आपल्या मांडीचं हाड नडगीच्या हाडावर तसंच ठेवलेलं आहे. खुब्याचा गोळा खोबणीत बसतो, तशी खोबण गुडघ्याला नाही. म्हणून निसर्गाने चार दोऱ्या बांधल्या आहेत. दोन बाहेरून, दोन्ही बाजूंना. दोन आतून, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. या दोऱ्यांना लिगामेंट म्हणतात. आतल्या दोरींपैकी पुढची दोरी नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सांभाळते. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात. हंडा डोक्यावर घेताना आपण चुंबळ ठेवतो ना, तशाच त्या गोल, एका बाजूने उघड्या. वजन त्या गाद्यांवर पसरतं. गादी फाटली की कधी तिचा तुकडा मध्ये अडकतो आणि गुडघा सरळच होत नाही.

दोऱ्या आणि गाद्या झाल्या. पण रोज उठता-बसता वरवंटा सांभाळतात ते मांडीचे स्नायू. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं येणार आहे.

आता खाशाबांकडे येऊ. खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पदक. जायला पैसे नव्हते, लोकवर्गणी काढून गेले. पुढच्या ऑलिंपिकची त्यांना आस होती. पण त्याआधी गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच राहिलं. पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. एवढा मोठा पैलवान, पण त्या काळात गुडघा एकदा गेला की फार थोडे खेळाडू परत येत. आत बघायचं तर अख्खा गुडघा चिरून उघडावा लागे. मग महिनोन्‌महिने प्लास्टर. तोपर्यंत मांडी आटून जाई आणि गुडघा आखडून जाई.

गुडघ्याच्या आत बघायची वाट मात्र तोवर दूर जपानमध्ये निघाली होती, आणि तिचं कारण ऐकाल तर तुम्हाला आपलंच वाटेल. जपानी माणसंही आपल्यासारखी जमिनीवर बसणारी, गुडघे मुडपून. क्षयाने गुडघा आखडला की त्या माणसाचं घरातलं बसणं-उठणंच अवघड व्हायचं. केंजी ताकागी नावाच्या डॉक्टरांना ही गोष्ट खुपत होती. रोग लवकर ओळखता आला तर गुडघा वाचेल, असं त्यांना वाटलं. १९१८ साली त्यांनी लघवीची पिशवी तपासायची नळी घेतली आणि एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. आतलं दिसलं. तिथून दुर्बिणीची गोष्ट सुरू झाली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण सुधारत नेली आणि १९६२ साली टोकियोत दुर्बिणीतून बघत फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक भरलं. कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन तेव्हा जपानात होते. ते वातानाबेंकडून ही विद्या शिकले आणि आपल्या देशात घेऊन गेले. तिकडून ती जगभर गेली.

आपण आज ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतो ते हेच. दोन-तीन बारीक छिद्रं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार.

या विद्येने काय बदललं, ते एका बाईने दाखवलं. अमेरिकेची जोन बेनॉइट, लांब पल्ल्याची धावपटू. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा होणार होती. त्याआधी बाईला एवढं धावणं झेपत नाही म्हणून ती शर्यतच ठेवत नसत. निवड चाचणीच्या तोंडावर जोनचा गुडघा अडकायला लागला. २५ एप्रिलला दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. सतराव्या दिवशी, १२ मे रोजी ती चाचणी धावली आणि पहिली आली. ५ ऑगस्टला तिने ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर नऊच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, आपले खाशाबा अपघातात गेले. दोघांनाही गुडघ्याने गाठलं होतं. मध्ये फक्त तीस वर्षं गेली होती.

पण मैत्रिणींनो, जोनचं ऐकून कोणी सतरा दिवसांत धावायला जाऊ नका. तिच्या गुडघ्यात अडकलेला पट्टा सोडवायचा होता. एसीएलची दोरी तुटली तर हिशेब वेगळा असतो, आणि हा फरक ओळखणं हेच खेळाडूंच्या डॉक्टरचं पहिलं काम.

हे ओळखतात कसं, ते आम्ही नागपूरला समोर बसून पाहिलं. आम्हाला वाटलं होतं, मॅडम लगेच एमआरआय काढायला सांगतील. त्यांनी आधी पोरीला बोलतं केलं. पाय जमिनीवर होता का हवेत? वळत होतीस का उडी मारून उतरत होतीस? आवाज आला का? सूज किती वेळात आली? नंतर जिना उतरताना, वळताना गुडघा दगा देतो का? पोरीने सांगितलं तसं त्या मान डोलवत होत्या. आवाज येणं आणि दोन-चार तासांत गुडघा भरून येणं म्हणजे आत रक्त साचलं असणार आणि बहुतेक दोरी तुटली असणार. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली असती तर वेगळा विचार केला असता.

मग त्यांनी हात लावला. आधी चांगल्या गुडघ्याला, मग दुखऱ्या. एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, गुडघा थोडा वाकवून नडगी हळूच पुढे ओढली. चांगल्या पायात ओढ एका जागी थांबत होती. दुखऱ्या पायात थांबतच नव्हती. या तपासणीला लॅकमनची चाचणी म्हणतात. अमेरिकेतले जॉन लॅकमन ती शिकवायचे आणि त्यांच्या विद्यार्थ्याने ती १९७६ साली छापून सगळ्यांना दिली. हिला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. नीट ऐकणारा कान आणि शिकलेला हात लागतो. एमआरआय नंतर काढला, गादीचं काय झालं ते बघायला.

पोरीच्या आईने विचारलं, “मॅडम, हिचं खेळणं बंद करू काय?” मॅडम म्हणाल्या, “ताई, ते मी ठरवणार नाही आणि तुम्हीही आज ठरवू नका. आधी तिची मांडी परत आणू.”

हा ‘आधी मांडी’ कुठून आला, त्यामागेही एक गंमत आहे. दोरी नवीन बसवल्यावर अमेरिकेतही बरेच दिवस पाय बांधून ठेवत आणि टेकू देत नसत. इंडियाना राज्यातले डॉक्टर डोनाल्ड शेलबोर्न आपल्या रोग्यांची नीट नोंद ठेवत. त्यांच्या लक्षात आलं की काही रोगी सांगितलेलं ऐकतच नाहीत. पट्टा काढून टाकतात, लवकर पाय टेकतात, गुडघा हलवतात. आणि हेच रोगी लवकर आणि चांगले बरे होत आहेत! दुसरा कोणी डॉक्टर असता तर रागावला असता. यांनी आपली पद्धत बदलली आणि १९९० साली ती छापली. ऑपरेशननंतर लगेच गुडघा सरळ करणं, लवकर चालणं, मांडी कामाला लावणं. थॉमसच्या काळापासून चालत आलेला सक्तीच्या विश्रांतीचा नियम तिथून मोडत गेला. मोडला कोणी, तर आधी रोग्यांनी. डॉक्टरने फक्त ते पाहिलं आणि मान्य केलं.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. स्वीडनच्या डॉक्टरांनी दोरी तुटलेल्या १२१ तरुण माणसांचे दोन गट केले. एका गटाचं लगेच ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नाही. हा अभ्यास २०१० साली छापून आला. म्हणून दोरी तुटली की ऑपरेशन झालंच पाहिजे असं नाही. ज्याला वळणं-उडीचा खेळ खेळायचा आहे आणि व्यायाम करूनही गुडघा निसटतो, त्याला बहुधा लागतं. ज्याला साधं चालणं-फिरणं आणि घरकाम करायचं आहे, त्याचं पुष्कळदा व्यायामावर भागतं.

आता बायकांचंच बघू. आपल्याकडे बायकांच्या कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होतात. आशियाई खेळांत मात्र बायकांची कबड्डी यायला २०१० साल उजाडलं, चीनच्या ग्वांगझूला. त्या पहिल्याच वेळी आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं. पोरी मैदानात आल्या तसं डॉक्टरांच्या ध्यानात आलं की वळण्या-उडीच्या खेळांत मुलींची एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा तुटते. ठेवण थोडी वेगळी असते, उडीवरून उतरताना मुलींचे गुडघे आत वळतात, आणि मोठं कारण म्हणजे मुलींना लहानपणापासून मांडीची, कमरेची ताकद आणि उतरायची रीत कोणी शिकवतच नाही. मुलगा झाडावर चढतो, मुलगी भांडी घासते आणि पंधराव्या वर्षी एकदम मैदानात उतरते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या डॉक्टरांनी २००६ च्या सुमारास वीस मिनिटांचा सराव बसवला. सावकाश धावणं, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून मऊ उतरणं, धावता धावता थांबून वळणं. खेळाआधी तो नियमित करणाऱ्या मुलींच्या संघांत दुखापती जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्या. सामान काही लागत नाही. आमच्या गावच्या शाळेत आता हा सराव होतो.

मोठ्या खेळाडूंचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. विनेश फोगाट २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती चालू असताना गुडघा धरून कोसळली, तिला स्ट्रेचरवर न्यावं लागलं. दोनच वर्षांत तिने आशियाई खेळांत सुवर्णपदक घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्यांदा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. बरोबर वर्षाने ती पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. पुढे शंभर ग्रॅम वजनाने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण गुडघ्याने तिला अडवलं नव्हतं. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गाडीला ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला, गुडघ्याच्या एकाहून जास्त दोऱ्या तुटल्या. मुंबईचे डॉक्टर दिनशॉ पारडीवाला यांनी त्याची शस्त्रक्रिया केली. तो मैदानात आला मार्च २०२४ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी. हेच पारडीवाला पॅरिसला भारतीय चमूचे मुख्य डॉक्टर होते. एक लक्षात घ्या, अशा खेळाडूंसोबत रोज फिजिओथेरपिस्ट असतो. आपल्या पोरीसोबत आपणच असतो. म्हणून आपल्याला घाई परवडत नाही.

नवीन दोरी बाहेरून आणत नाहीत. तिच्याच मांडीच्या मागची किंवा वाटीखालची शीर घेऊन बसवतात. हे संत्र्याच्या कलमासारखं आहे. कलम बांधलं म्हणजे झाड झालं नाही, त्याने जीव धरावा लागतो. नॉर्वेमधल्या खेळाडूंच्या अभ्यासात २०१६ साली दिसलं की नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका फार वाढतो, आणि नऊ महिन्यांपर्यंत थांबलेला प्रत्येक महिना तो धोका जवळपास अर्ध्यावर आणतो. म्हणून चांगला डॉक्टर नुसती तारीख बघत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजतो, एका पायावर उड्या मारायला लावतो, दुखरा पाय चांगल्याच्या बरोबरीला आला का बघतो, आणि मगच मैदानात सोडतो.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं खेळणाऱ्यांचं. आम्ही कुठं कबड्डी खेळतो?

मैत्रिणींनो, सरकी टोबण्यापासून निंदणापर्यंत आणि वेचणीपासून पऱ्हाटी उपटण्यापर्यंत आपण बसतो, उठतो, वाकतो, डोक्यावर गाठोडं घेऊन धुऱ्यावरून चालतो. कोणत्या खेळाडूचा गुडघा एवढं काम करतो? फरक एवढाच की त्याच्या गुडघ्याची नोंद ठेवतात, आपल्या गुडघ्याला ‘वय झालं’ म्हणतात.

खेळाडूंकडून शिकलेलं आपल्यालाही लागू पडतं. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून धुवून काढायची पद्धत एके काळी फार होती. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉक्टरांनी १८० रोग्यांवर ते तपासलं. काहींचं खरं ऑपरेशन केलं, काहींना त्यांच्या संमतीने नुसती वरून छिद्रं पाडली. कोणाचं काय केलं ते रोग्यांना सांगितलं नाही. दोन वर्षं दोघांच्याही दुखण्यात फरक नव्हता. हे २००२ साली छापून आलं. म्हणून नुसत्या झिजेसाठी ‘दुर्बिणीने साफ करून घ्या’ असं कोणी म्हटलं तर शेत गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा. झिजेवर पहिला इलाज म्हणजे मांडीची ताकद आणि वजनावर ताबा. अंगावरचं एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार हलका होतो, हे मोजलेलं आहे. गुडघा अगदीच गेला तर सांधेबदलाचं ऑपरेशन असतंच, पण ती शेवटची पायरी.

मांडीसाठी तीन व्यायाम लिहून घ्या. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, खाली. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. प्रत्येक दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखेल, ते चालतं. सूज वाढली तर कमी करा.

ताजा मार लागला तर ओढायचं नाही, दोन-तीन दिवस मालिश नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. काही तासांत गुडघा भरला, पाय टेकवत नाही, गुडघा अडकला, तर लवकर हाडाच्या डॉक्टरला दाखवा. पाऊल गार किंवा बधिर पडलं, किंवा ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. बाजारातल्या बिनानावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस छान वाटतं, पण त्याने हाडं पोकळ होतात आणि साखर वाढते.

आता पोरीचं सांगून थांबतो. दोन महिने व्यायाम करून मांडी भरली, पण वळताना गुडघा निसटतच होता, आणि तिला खेळायचंच होतं. ऑपरेशन ठरलं. पैशावरून गटाच्या बैठकीत वाद झाला. कोणी म्हणालं, खेळासाठी कर्ज कशाला द्यायचं? तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली, “बैलाच्या पायाले लागलं त त्याच दिवशी ढोरायचा डॉक्टर आनता. पोरीच्या पायाले सा महिने लावले.” त्यानंतर कोणी बोललं नाही. कर्ज मंजूर झालं.

आता सातवा महिना चालू आहे. ती अजून खेळत नाही. रोज मैदानावर जाते, बाकीच्या मुलींकडून तो वीस मिनिटांचा सराव करून घेते. एका पायावर किती लांब उडी जाते ते वहीत लिहून ठेवते, डावा रकाना आणि उजवा रकाना. दोन्ही रकाने अजून सारखे झालेले नाहीत. रोज संध्याकाळी तिची आई विचारते, “आज किती?”

पुढच्या बैठकीला तुमच्या गटातही एकमेकींचे गुडघे विचारा. राम राम.